खोबणीतली हवा

सोमवार, १ डिसेंबर

आज पुन्हा कोणीतरी माझ्या टेबलावरच्या चिठ्ठ्या सुलट करून ठेवल्या. एकवीस वर्षे या क्ष-किरण विभागात मी एक नियम पाळत आले आहे: चित्र आधी, चिठ्ठी नंतर. रुग्णाला पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी टेबलावर पालथी राहील, मी सी.टी.चे सगळे काप पाहीन, मत लिहीन, आणि मगच ती उलटून वाचीन. ल्यों शहरातल्या माझ्या गुरूंची ही शिस्त. चिठ्ठी वाचलेला डोळा चिठ्ठीतलेच शोधत बसतो, असे ते म्हणत. माझ्या या स्फाक्स शहरात मात्र सर्वांना ही माझी लहर वाटते.

विभागातले सर्वांत जुने तंत्रज्ञ सी लारूसी यांना जाब विचारला. ते मला 'लल्ला', म्हणजे बाईसाहेब म्हणतात, मी त्यांना 'सी', म्हणजे श्रीयुत; एवढी अदब अजून उरली आहे.

"सफाईवाल्या बाईनं केलं असेल, लल्ला दुर्साफ. पालथी भाकरी आणि पालथा कागद तिला पाहवत नाही."

"मग तिला सांगा, ही भाकरी नव्हे."

"सांगितलं की. ती म्हणते, डॉक्टरबाईंचं पोट त्यावरच भरतं ना?"

त्यांना हसू आवरत नव्हते. मी हसले नाही.

दिवसाचा उरलेला वेळ नियमावलीला दिला. डोळ्याच्या खोबणीची तपासणी कशी करावी, याची सबंध देशासाठी एक नियमावली मंत्रालयाने माझ्याकडून मागितली आहे. जानेवारीअखेर द्यायची आहे. आज कलम सात पूर्ण झाले: "सुके लाकूड सी.टी.वर हवेइतकेच काळे दिसते. म्हणून खोबणीतल्या प्रत्येक काळ्या रेषेची घनता मोजावी. नुसत्या नजरेवर विसंबू नये." शेवटच्या वाक्यावर मी पाऊण तास घालवला. आता ते निर्दोष आहे. इथल्या तरुण डॉक्टरांना ते वाचता येईल की नाही, हा भाग निराळा.

बुधवार, ३ डिसेंबर

जैतुनाची तोडणी सुरू झाली, की या शहराची अक्कल तेलाच्या घाण्यात जाते. सकाळपासून एकोणीस रुग्ण, त्यांतले अकरा शिडीवरून पडलेले. हात, पाय, कंबर. सी लारूसी यंत्राच्या खोलीत पाव ताज्या तेलात बुडवून खात बसले होते. लाखोंच्या यंत्राशेजारी तेलाची वाटी! मी बोलले, तेव्हा त्यांनी वाटी खिडकीत ठेवली आणि बोटे पुसत म्हणाले, "या वर्षी तेल जरा तिखट आहे. पाऊस कमी झाला."

दहा वाजून दहा मिनिटांनी एका बाईची खोबण पाहिली. वय चव्वेचाळीस, डावा डोळा. काप एक मिलिमीटरचे, नेमके माझ्या नियमावलीत आहेत तसे. हाड कुठेही मोडलेले नाही. बुबुळ शाबूत, मज्जातंतू शाबूत. खोबणीच्या आतल्या वरच्या कोपऱ्यात थोडी हवा. एवढेच. सायनसच्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी चीर गेली, की नाक शिंकरताना अशी हवा खोबणीत शिरते आणि आठवड्याभरात आपोआप जिरते. तसा अहवाल लिहिला: नाक शिंकरू नये, विश्रांती घ्यावी.

सी लारूसी माझ्या खांद्यामागे उभे होते. ती त्यांची जुनी खोड आहे.

"डॉक्टर, हवा अशी काडीसारखी सरळ असते का? मी आजवर पाहिली ती गोलगोल, बुडबुड्यांची."

"सी लारूसी, रुग्णाला टेबलावर नीट झोपवणं हे तुमचं काम. काय दिसतं ते सांगणं माझं."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि पुन्हा वाटीकडे गेले.

मग चिठ्ठी उलटली. कुठल्याशा खेड्यातल्या दवाखान्याची. त्यावर चार शब्द: "डावा डोळा. मार. जैतून." हे निदान आहे, की बाजाराची यादी? डिसेंबरात या जिल्ह्यातल्या प्रत्येक चिठ्ठीवर "जैतून" असते. ताप आलेल्या मुलाच्या चिठ्ठीवरही कोणी ते लिहून पाठवील. या लोकांना लिहायला कोण शिकवते?

विभागातून बाहेर पडताना साठीची एक बाई आडवी आली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पायांत रबरी बूट. आत तपासलेली मबरूका तिची धाकटी बहीण. हिचे नाव खदूजा. मागे बाकावर ती मबरूका डोळ्यावर पट्टी बांधून बसली होती.

"बिंती, तिच्या डोळ्यात काय निघालं?"

बिंती. मुली. मी पंचावन्न वर्षांची, विभागप्रमुख.

"हवा आहे."

"नुसती हवा?"

"नुसती हवा. जिरून जाईल."

तिने मोठ्याने देवाचे नाव घेतले आणि बहिणीकडे वळून ओरडली, "ऐकलंस का गं? हवा आहे! मी म्हटलंच होतं, डोक्यातली उतरली असेल!" सगळा व्हरांडा हसला. तिने पिशवीतून नव्या तेलाच्या दोन बाटल्या काढून माझ्या हातात कोंबल्या. मबरूका काहीतरी पुटपुटली. मी तोवर दारापर्यंत पोहोचले होते.

बाटल्या मी कार्यालयातल्या मुलींना देऊन टाकल्या.

मंगळवार, ९ डिसेंबर

नेत्रविभागातल्या डॉ. वाईल यांचा फोन. वय एकतीस, कोट कायम उघडा, अक्षर असे, की कोंबडी बरी.

"मॅडम, मबरूका आठवते? खोबणीत हवा सांगितली होती ती. तिचं दुखणं वाढतंय. तिचा एम.आर.आय. करून द्याल का?"

"कशासाठी?"

"ती म्हणते, आत टोचतंय. वरच्या पापणीच्या घडीत छोटी जखम आहे, गावातल्या नर्सनं दोन टाके घातलेत. मला वाटतं, आत काही राहिलं असेल."

"डॉक्टर, मी सी.टी. पाहिला आहे. आत काही नाही. 'टोचतंय' ही तपासणी नव्हे. एम.आर.आय.साठी पाच आठवड्यांची रांग आहे, आणि त्या रांगेत मेंदूच्या गाठी असलेली माणसं आहेत."

"मॅडम, पण टाके..."

"तुम्ही माझा अहवाल वाचलात का?"

"वाचला."

"मग पुन्हा वाचा."

त्याने फोन ठेवला. या पिढीला विचार करण्यापेक्षा यंत्र मागणे सोपे जाते. कलम दोनमध्ये एक वाक्य वाढवले: "शंका हे तपासणीचे कारण असू शकते, अधीरता नव्हे."

शुक्रवार, १२ डिसेंबर

आज एकाच दिवसात मला समाधान आणि संताप दोन्ही लाभले.

मबरूकाला काल दाखल केले. ताप एकोणचाळीस, पापणी सुजून बंद, डोळा पुढे आलेला आणि कुठल्याच दिशेला वळत नाही. डॉ. वाईल यांनी पुन्हा सी.टी. काढायला लावला. मी स्वतः वाचला. ३ तारखेची काळी रेषा संपूर्ण नाहीशी झाली आहे! म्हणजे हवा जिरली, नेमकी मी लिहिल्याप्रमाणे. तिच्या जागी आता सूज आणि पू धरल्याची करडी सावली. संसर्ग सायनसमधून आला, हे उघड आहे. तसा अहवाल दिला आणि पहिल्या अहवालाची तारीख मुद्दाम त्यात नोंदवली, म्हणजे वाचणाऱ्याला क्रम कळावा.

दुपारी डॉ. वाईल दार न वाजवता आत आले.

"मॅडम, सायनस स्वच्छ आहेत."

"मी पाहिलं आहे."

"मग पू आला कुठून? स्वच्छ खोलीतून शेजारच्या खोलीत घाण जाते का?"

"तुम्ही मला घरकामाची उदाहरणं देणार आहात का?"

"मी सोनोग्राफी केलीय. पापणीवर यंत्र ठेवून. आत एक चकचकीत रेषा दिसते, आणि तिच्यामागे सावली. हवा जिरली असेल, तर सावली कुणाची?"

सोनोग्राफी! आवाजाच्या प्रतिध्वनीतून काढलेले धुके. त्यात सुजलेल्या माणसाच्या डोळ्यात कोणालाही काहीही दिसेल. मी तसे म्हटले. त्याने कागदाचा तो चिटोरा माझ्या टेबलावर ठेवला, सुलटा.

"मॅडम, तिला डाव्या डोळ्यानं काल बोटं मोजता येत होती. आज फक्त हात हललेला कळतोय. उद्या एम.आर.आय. करून दिला नाहीत, तर मी संचालकांकडे जाईन."

"जरूर जा. जाताना कोटाची बटणं लावा."

तो गेल्यावर सी लारूसी आत आले. एम.आर.आय.च्या नोंदवहीत उद्याची आठची वेळ रिकामी आहे, एवढे सांगून गेले. ती रिकामी कशी झाली, हे मी विचारले नाही. त्या वेळेला मी होकार दिला, तो केवळ हा उर्मट मुलगा खोटा ठरावा म्हणून. ही नोंद खाजगी आहे, म्हणून खरे कारण लिहिते.

शनिवार, १३ डिसेंबर

आठ वाजून चाळीस मिनिटे. एम.आर.आय. पडद्यावर उघडा आहे. खोबणीच्या आतल्या वरच्या कोपऱ्यात एक सरळ काळी पट्टी, तिच्याभोवती पुवाचे पांढरे शुभ्र कडे.

३ तारखेचा सी.टी. उघडला. त्याच जागी, त्याच कोनात, तीच रेषा. करड्या छटांचा पल्ला रुंदावला. नाकातली हवा पूर्ण काळी राहिली. रेषा राहिली नाही. ती गडद करडी झाली आणि तिच्या आत बारीक धागे दिसू लागले. घनता मोजली. नाकातली हवा: उणे ९८५. रेषा: उणे ६२०.

हवा नव्हे.

हे सारे करायला मला दोन मिनिटे लागली. ३ तारखेलाही दोनच मिनिटे लागली असती.

आणि कालचा सी.टी.: रेषा जिरली नव्हती. सुके लाकूड नऊ दिवस अंगातले पाणी पीत फुगले आणि भोवतालच्या मांसाच्या रंगाचे झाले. ज्याला मी माझ्या अहवालाचा पुरावा म्हटले, तो माझ्याविरुद्धचा पुरावा होता.

कलम सात मीच लिहिले आहे. पाऊण तास घालवून.

डॉ. वाईल यांना फोन केला. "लाकूड आहे," मी म्हणाले. "सुमारे सतरा मिलिमीटर. टोक मज्जातंतूच्या जवळ आहे. तुम्ही आत कुठून जाल, ते मी तुम्हाला चित्रावर दाखवते. वर या." तो धावत आला. "मी म्हटलं होतं," हे त्याने एकदाही म्हटले नाही. त्याचा मला अधिकच राग आला.

रविवार, १४ डिसेंबर

शस्त्रक्रिया काल दुपारी झाली. जैतुनाची वाळकी फांदी, तीन तुकड्यांत, एकूण सतरा मिलिमीटर. भोवती पू. डोळा राहिला, पण मज्जातंतू बरेच दिवस दबलेला होता. आज सकाळी पट्टी काढून विजेरी दाखवली, तेव्हा तिला उजेड आणि अंधार एवढेच कळले. डॉ. वाईल म्हणतात, वाट पाहू. एवढ्या दिवसांनंतर वाट पाहणे म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

आज दिवसभर मी लोकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. चार शब्दांची चिठ्ठी लिहिणाऱ्या नर्सला: "फांदी" हा पाचवा शब्द लिहिला असता, तर तिचे बोट झिजले असते का? टाके घालण्यापूर्वी जखमेत न पाहणाऱ्या हातांना. फोनवर "टाके" म्हणाला आणि मी अडवताच गप्प बसला, त्या वाईलला. संध्याकाळपर्यंत नावे संपली.

मंगळवार, १६ डिसेंबर

सी लारूसींना खोलीत बोलावले. बसा म्हटले, ते उभेच राहिले.

"३ तारखेला तुम्ही म्हणाला होतात, ती रेषा सरळ आहे."

"म्हणालो असेन."

"तुम्हाला लाकूड वाटलं होतं?"

"मला जैतून वाटलं होतं. आमची ऐंशी झाडं आहेत, लल्ला दुर्साफ. वाळकी फांदी आडवी कापली, की आत तशीच दिसते."

"मग पुन्हा का बोलला नाहीत?"

आता ते बसले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"पुन्हा? एकदा बोललो, तर टेबल वरखाली करायला पाठवलंत! पंधरा वर्षांपूर्वी मी एका मणक्याबद्दल बोललो होतो, तेव्हा तुम्ही सगळ्या शिकाऊ मुलांसमोर विचारलंत, पदवी कुठून घेतलीत. त्यानंतर मी हिशेबानं बोलतो, दर माणशी एकदा. मबरूकाच्या वाट्याचं एकदा बोलून झालं होतं. आणि रात्री मला झोप येत नाही, ते वेगळंच. ते काही तुमच्या अहवालात यायचं नाही."

"तुमचे काप उत्तम होते," मी म्हणाले.

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले आणि गेले.

मणक्याचा तो प्रसंग मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला. आठवत नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

मबरूकाच्या बहिणीने तक्रार केली आहे. जानेवारीत चौकशी समिती बसेल. संचालक सी नौफल यांनी बोलावून घेतले, दार लावले, पुदिन्याचा चहा मागवला. इथे दार लावून चहा मागवला, की समजावे, काहीतरी घाण पुढे येणार आहे.

"दुर्साफ, तू या रुग्णालयाचं नाव आहेस. नियमावली तुझी, मंत्रालय तुझ्यावर खूश. एका शेतातल्या बाईसाठी हे सगळं मातीत घालायचं?"

"तिचं नाव मबरूका आहे."

"हो, हो, मबरूका. हे बघ, मी मसुदा केलाय. तू फक्त सही कर."

मसुद्यात दोन वाक्ये होती. पहिले: "तंत्रज्ञाने घेतलेल्या कापांच्या जाडीमुळे चित्राची स्पष्टता मर्यादित होती." दुसरे: "तत्कालीन चित्रात बाह्य वस्तू दिसण्याजोगी नव्हती."

मी विचारले, "काप किती जाडीचे होते, हे तुम्हाला माहीत आहे?"

"असतील तीन-चार."

"एक. एक मिलिमीटर. या खंडात त्याहून चांगले काप त्या दिवशी कोणी घेतले नसतील. आणि ते घेणाऱ्या माणसाच्या निवृत्तीला सात महिने उरले आहेत."

"म्हणूनच तर! त्याला फारसं काही होणार नाही. लेखी समज देऊ, संपलं."

इतका संताप मला या प्रकरणात एकदाही आला नव्हता. माझ्या चुकीची मला लाज आहे. पण ती माझी आहे, आणि माझी कोणतीही गोष्ट अशा गबाळ्या घाईने काय, कोणत्याच रीतीने दुसऱ्याच्या नावावर टाकलेली मला चालणार नाही. मी लेखणी काढली. पहिले वाक्य पूर्ण खोडले. दुसऱ्यातले "नव्हती" खोडून "होती" लिहिले. आणि सही केली.

सी नौफल यांनी कागद पाहिला. "तुझं डोकं फिरलंय. हे दिलंस, तर ते तुला सोडणार नाहीत."

"चहात साखर फार आहे," मी म्हणाले आणि उठले.

शुक्रवार, १९ डिसेंबर

आज तीन क्रमांकाच्या कक्षात गेले. रुग्णांच्या कक्षात मी यापूर्वी कधी गेले होते, ते आठवावे लागले.

मबरूका उशीला टेकून बसली होती, डाव्या डोळ्यावर पट्टी. खदूजा संत्रे सोलत होती. मी उभी राहूनच बोलले. आदल्या दिवशी वाक्ये नीट बांधून ठेवली होती.

"३ तारखेला तुमच्या डोळ्याचं चित्र मी पाहिलं. त्यात फांदी होती. मी तिला हवा म्हटलं. चूक माझी आहे. यंत्राची नाही, इतर कोणाची नाही. हे मी लिहून दिलं आहे."

खदूजाने संत्रे खाली ठेवले.

"दहा दिवस! दहा दिवस ही म्हणतेय, ताई, आत काहीतरी टोचतंय, आणि मी हिला गप्प बसवतेय! अगं, डॉक्टरीण म्हणाली ना, हवा आहे! एवढी शिकलेली बाई खोटं सांगेल का? मी, मी हिला सांगत होते, नखरे करू नकोस, झाडं खोळंबलीत!" ती उठून माझ्यासमोर आली. "तुम्ही हिला विचारलं का नाहीत? एवढी मोठी मशीन, आणि जितं माणूस समोर बसलंय, तोंड आहे त्याला! 'बाई, काय झालं,' एवढं विचारायला काय लागतं?"

"मी विचारत नाही," मी म्हणाले. "तशी माझी पद्धत आहे."

हे म्हणताना ते कसे ऐकू येते, ते माझे मलाच कळले.

"पद्धत!" खदूजा कक्षाला उद्देशून ओरडली. "ऐका गं बायांनो, पद्धत आहे म्हणे!"

शेजारच्या खाटेवरची बाई चुकचुकली. मबरूकाने बहिणीचा हात धरला. तिचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला. घोगरा आणि संथ होता.

"मी त्या दिवशी व्हरांड्यात तेच म्हणाले होते. आत आहे, म्हणून. तुम्ही निघाला होतात."

"हो."

"आता दिसेल का परत?"

असे विचारल्यावर काय म्हणायचे, ते सगळ्या डॉक्टरांना पाठ असते: देवाची मर्जी, वाट पाहू. "नाही," मी म्हणाले. "उजेड कळेल. आकार कळणार नाहीत. आणि एका डोळ्यानं अंतराचा अंदाज चुकतो. तो काही महिन्यांत थोडाफार परत येतो. तोवर शिडीवर चढायचं नाही."

"तोवर तोडणी संपेल."

"हो."

"मग पुढच्या वर्षी चढेन," मबरूका म्हणाली. खदूजाने तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी निघाले.

सोमवार, ५ जानेवारी

समिती. राजधानी ट्यूनिसहून आलेले तीन सज्जन, तिघांचे टाय एकाच दुकानातले. मला शिक्षा करण्यापेक्षा मला वाचवण्याची त्यांना घाई होती, आणि त्यासारखा अपमान नाही. अध्यक्ष तीन वेळा, तीन तऱ्हांनी, एकच विचारत राहिले: त्या चित्रात ती वस्तू ओळखणे दुसऱ्या कोणा सक्षम व्यक्तीला तरी शक्य होते का? म्हणजे मी "नाही" म्हणायचे आणि सर्वांनी जेवायला जायचे.

"शक्य होतं," मी म्हणाले. "त्याच दिवशी, दहा वाजून दहा मिनिटांनी, सी लारूसींनी ओळखलं आणि मला सांगितलं. मी त्यांना गप्प बसवलं."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मॅडम, हे नोंदीत घ्यायचं का?"

"त्यासाठीच मी ते बोलले."

मला लेखी ताशेरे मिळाले. नियमावली आता दुसऱ्या कोणाकडे जाईल. ज्याच्याकडे जाईल, त्याचे शुद्धलेखन मी पाहिले आहे. ईश्वर देशातल्या डोळ्यांचे रक्षण करो. सी लारूसींवर काही आले नाही. बाहेर पडताना ते माझ्याजवळून गेले आणि म्हणाले, "माझं नाव घ्यायची काय गरज होती? आता सगळे विचारतील, मी दुसऱ्यांदा का नाही बोललो." हेही बरोबर आहे. त्यांच्यासमोर मी काहीही केले, तरी ते अर्धेच बरोबर ठरते.

शुक्रवार, ९ जानेवारी

मबरूका आज घरी गेली. दुपारी दोघी बहिणी माझ्या विभागात आल्या. खदूजा दाराबाहेरच थांबली. मला तिने सलाम केला नाही, आणि मी त्याची अपेक्षाही केली नव्हती. मबरूका आत आली. डाव्या डोळ्यावरची पट्टी गेली होती. पापणी अर्धी उघडी, आतले बुबुळ कोणाकडेच पाहत नव्हते. खुर्चीकडे येताना तिने हात पुढे करून खुर्चीची पाठ चाचपली, मगच बसली.

"मला ते चित्र बघायचंय. पहिलं."

रुग्णांना मी चित्रे दाखवत नाही. मी ३ डिसेंबरचा सी.टी. उघडला, तो काप शोधला, पडदा तिच्याकडे वळवला आणि सांगायला सुरुवात केली: हे नाक, हा उजवा डोळा, हा...

तिने मला थांबवले आणि तर्जनी पडद्यावर टेकवली. तिच्या नखाखाली जैतुनाचा काळा डाग अजून होता. बोट बरोबर रेषेवर होते. ती रेषेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट हळूहळू फिरवत गेली. पडद्यावर ती रेषा तिच्या बोटाहूनही लांब होती.

"एवढी मोठी होती?" ती म्हणाली.

पडद्यावर सर्व काही कित्येक पट मोठे दिसते, खरी लांबी फक्त सतरा मिलिमीटर, हे सांगण्यासाठी मी तोंड उघडले. मग मिटले.

"हो," मी म्हणाले. "एवढी मोठी होती."